एक जूनला जन्मलेलं गाव

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच बोलून ठेवतो. नंतर माझ्या तोंडाकडं बघून एकमेकांना डोळे मारायचे नाहीत. हवी तर पैज घ्या. ह्यातली एक गोष्ट, एकच, कुणी खोटी काढून दाखवली, तर ही समोरची अख्खी बराक मी एकटा निवडून देईन. सडका कांदा वेगळा, मोड आलेला वेगळा, बारका वेगळा.

हे मी बोललो ते लोणीत, माझ्या थोरल्या बहिणीच्या, कुशाक्काच्या, कांद्याच्या बराकीत. भाव जरा चढला होता म्हणून उन्हाळ्यात साठवलेला कांदा बाहेर ओढून निवडायला घेतलेला. मी पावणा, पिंपरी पेंढारहून दोन दिवसांसाठी आलेलो. पावण्यानं काम करायचं नसतं, म्हणून पोत्यावर बसून बोलायचं काम मी माझ्याकडं घेतलं. ऐकायला शेजारचे गेणभाऊ, ज्यांनी जन्मात कुणाचंच काही खरं मानलेलं नाही, आणि लंकाबाई, ज्यांनी सगळ्यांचं सगळं खरं मानलेलं आहे. असे दोघं समोर असले की सांगणाऱ्याला तिसरा लागत नाही. कुशाक्का चहाच्या निमित्तानं आत-बाहेर करत होती. तिला मी ऐकणाऱ्यांत धरलं नव्हतं.

विषय काढला गेणभाऊंनी. पेपरात कुठल्याशा पोराचा फोटो आला होता, शिष्यवृत्तीवर परदेशी निघालेल्या. असल्या बातम्या पेपरवाले जागा भरायला छापतात, असं गेणभाऊंचं मत पडलं. मी म्हटलं, गेणभाऊ, छापतात कसलं? मला न्यायला एक मडम पिंपरी पेंढारपर्यंत आली होती. एकोणीसशे नव्याण्णव साली. येताना केक घेऊन आली होती.

गेणभाऊंनी हातातला कांदा हुंगला आणि सडक्यांत टाकला. मी सुरू केलं.

तेव्हा मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव होतो. सचिव म्हणजे काय, तर सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, फॅट काढायची आणि फॅट कमी आली की शिव्या खायच्या. परदेशाचं म्हणाल तर माझी धाव आळेफाट्यापर्यंत. तिथं नाशिकची आणि नगरची एसटी वेगळ्या वाटेला लागते, ती बघत चहा प्यायचा आणि घरी यायचं. अशात जुन्नरच्या एका संस्थेतल्या उज्ज्वलाताई फॉर्म घेऊन आल्या. उत्तरेकडच्या एका थंड देशातली मंडळी (देशाचं नाव सांगत नाही, आमचं पुढं बिनसलं) आपल्यासारख्या देशांतले 'उगवते लोकनेते' निवडून नऊ महिने तिकडं नेतात. राहणं, खाणं, शिकवणं सगळं त्यांच्याकडं. नऊ महिन्यांनी माणूस परत आणून गावात सोडतात. जुन्नर-आंबेगाव मिळून एक जागा. अट एकच, वय चाळिसाच्या आत.

'उगवते' हा शब्द ऐकून आमची सरू, म्हणजे माझी बायको, पदर तोंडाला लावून आत गेली. आतून ऐकू आलं, "हे उगवल्यालं मी तरी कधी बघितलं न्हाई."

तोवर मला परदेशाची काडीची हौस नव्हती, हे मी देवाशपथ सांगतो. लोक विद्येसाठी जातात, कमाईसाठी जातात. मी त्या एका वाक्यासाठी निघालो.

फॉर्म अकरा पानांचा. पहिली दोन पानं बरी गेली. तिसऱ्या पानावर मला जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. तिथं विचारलं होतं, 'पुढारी म्हणून आपल्या हातून झालेली एक मोठी चूक सविस्तर लिहा.' मी चष्मा पुसून परत वाचलं. उज्ज्वलाताईंना विचारलं, छपाईत काही राहिलंय का. त्या म्हणाल्या, नाही, तिकडं असंच विचारतात, आणि ह्याच उत्तरावर निवड होते. आता बघा, आपल्याकडं पुढाऱ्याला त्याची चूक कोण विचारतं? विरोधक सांगतात, पण ते न विचारता. मला तर एकही चूक आठवेना. म्हणून सकाळी दूध घालायला आलेल्या दोघा-तिघांना मी खासगीत विचारलं, की बाबांनो, माझं कधी कुठं चुकलंय का.

हे विचारणं ही माझी सहावी की सातवी मोठी चूक असेल. संध्याकाळी दुधाच्या रांगेत प्रत्येक जण किटलीबरोबर एक चूक घेऊन आला. फॅट काढायचं यंत्र मी उलटं जोडलं होतं आणि तीन दिवस सगळ्या गावाच्या म्हशी गाई ठरल्या होत्या, ही एक. ग्रामपंचायतीचा दिवा रस्त्यासाठी मागून आणला आणि आमच्या गोठ्याकडं तोंड करून लावला, ही दुसरी. मला वाटायचं लोक विसरले असतील. लोकांना तिथी-वारासकट पाठ. माझा धाकटा भाऊ बाळासाहेब वही घेऊन बसला आणि उतरवून घेऊ लागला. एक्केचाळीस भरल्या. मग भांडण लागलं, की त्यातली कोणती पाठवायची. यंत्रवाला म्हणाला माझी गेली पाहिजे, दिव्यावाला म्हणाला माझी जुनी आहे. दोघांचं आठवडाभर बोलणं बंद. शेवटी दोन्ही लिहिल्या.

"दिवा अजून तिकडंच तोंड करून हाय का?" गेणभाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, गेणभाऊ, विषय शिष्यवृत्तीचा चाललाय.

फॉर्म टपालात पडला आणि इकडं गाव उठलं. आमच्याकडं निकालाची वाट बघत बसायची पद्धत नाही. माणसानं फॉर्म टाकला म्हणजे माणूस निघाला. बाळासाहेबानं देवळापुढं मांडव टाकला. शाल, श्रीफळ, फेटा आणि पाच भाषणं. एका भाषणात तर मी परत येऊन काय-काय केलं तेही सांगून झालं. थंड देश म्हटल्यावर लोकांनी जीव ओतला. अकरा मफलर, सात माकडटोप्या, दोन घोंगड्या आणि कुणाच्या तरी मेलेल्या सासऱ्याचा फौजेतला कोट. एप्रिल महिना, सावलीत उभं राहवत नव्हतं आणि मला ते सगळं अंगावर घालायला लावून फोटो काढला. फोटोत माझ्या तोंडावर जो भाव आहे तो देशप्रेमाचा नाही, तो उन्हाचा आहे.

तेवढ्यावर थांबते तर बरं. शेजाऱ्यांनी सल्ला दिला की थंडीची सवय आधी लागलेली बरी. सोसायटीत दूध थंड ठेवायची एक खोली होती. रोज अर्धा तास मी त्यात जाऊन बसायचो, कोट आणि दोन टोप्या घालून, कॅनांच्या मधे. चौथ्या दिवशी कुणीतरी बाहेरून कडी घातली आणि टेम्पोबरोबर निघून गेलं. दोन तासांनी मला काढलं तेव्हा दात वाजत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसते आवाज येत होते. बाहेर जमलेले लोक कौतुकानं म्हणाले, भाषा बी आली बघा.

लंकाबाई चुकचुकल्या. त्या एकट्याच.

आणि मग आलं ते पत्र. उज्ज्वलाताई ते हातात धरून ओसरीवर बसल्या आणि त्यांना कुठून सुरुवात करावी कळेना. तिकडच्या ऑफिसातली माणसं तक्रार करत नव्हती, घाबरल्यासारखी झाली होती. त्यांनी लिहिलं होतं, की तेरा अर्ज आले, त्यांतले बारा अर्जदार एकाच दिवशी जन्मले आहेत. एक जूनला. सालं वेगवेगळी, दिवस तोच. आपल्या भागात ह्या दिवसाशी जोडलेला काही धार्मिक विधी आहे काय?

इथं गेणभाऊंचा हात पहिल्यांदा थांबला. "माझी बी एक जूनच हाय," ते म्हणाले. लंकाबाई म्हणाल्या, "माझी बी."

बघा. जन्मात पहिल्यांदा गेणभाऊंनी माझ्या बोलण्याला साक्ष दिली. पण त्या लोकांना हे कसं कळणार? आमच्या वेळचे हेडमास्तर फार सरळ मनुष्य. पोरगं शाळेत आणलं की ते त्याला उजवा हात डोक्यावरून न्यायला लावून डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. आणि शाळा जूनमधे सुरू होते, म्हणजे सहा वर्षं एक जूनला पुरी झाली. लिहा एक जून. कारभार संपला. आता माझं शरीर असं, की डोकं मोठं आणि हात आखूड. बापानं मला सहाव्या वर्षी नेलं, कान लागला नाही. सातव्या वर्षी नेलं, नाही. बाळासाहेब माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा, पण हात माकडासारखे लांब. तो पहिल्या झटक्यात आत. मी दहाव्या वर्षी लागलो. त्यामुळं दाखल्यावर बाळासाहेब एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न, आणि मी, त्याचा थोरला भाऊ, एक जून एकोणीसशे साठ. आमची कुशाक्का, ही आत्ता कपबश्या घेऊन आली ती, एक जून चौपन्न.

फॉर्मात भावंडांच्या जन्मतारखा विचारल्या होत्या. मी प्रामाणिक माणूस, होत्या तशा भरल्या. आईच्या रकान्यात नाव लिहिलं बयाबाई, आणि वय लिहिलं 'बरंच', कारण ती शाळेत गेलेली नाही. त्यावर पत्रात शेवटी वेगळा परिच्छेद होता. 'अर्जदार क्रमांक सात यांचा धाकटा भाऊ त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. कृपया हे समजावून सांगावे.'

हे समजावून सांगणं सोपं होतं. नुसतं खरं सांगायचं. पण खरं सांगितलं तर माझं वय निघतं त्रेचाळीस, आणि अट चाळिसाची. म्हणजे मांडव गेला, फेटा गेला, एक्केचाळीस चुका फुकट गेल्या आणि आतून ते वाक्य परत ऐकू आलं असतं. अकरा मफलर परत करायला मी कुणाच्या दारात जाणार होतो? मी झोपेतून उठायचो ते घामानं. तेव्हा सगळ्या गावाला वाटायचं भिमाजीआप्पा परदेशाच्या विचारानं हरखलाय. मी मात्र एका आकड्यावर लटकलो होतो.

बाळासाहेबानं सल्ला दिला की सांगू, आमच्याकडं थोरला-धाकटा मानावर ठरतो, वयावर नाही. पत्र गेलं. उलट तार आली, की निवड समितीच्या बाई स्वतः बघायला येत आहेत. कधी, तर एक जूनला.

बाईंचं नाव इंग्रिड. गावात तिचं दुपारपर्यंत इंद्राबाई झालं. जीपमधून उतरली, उन्हानं लालबुंद, हातात पुण्याहून आणलेला केकचा खोका. तिला वाटलं होतं, बारा जणांचा एकच वाढदिवस, आपण तोंड गोड करावं. देवळापुढं उभं राहून तिनं उज्ज्वलाताईंकरवी विचारलं, आज ज्यांचा वाढदिवस आहे त्यांनी हात वर करा. कुणी हलेना. आम्हांला काय माहीत? आमच्यात वाढदिवस पाच वर्षांपर्यंत, तोही पोराला ताप आला नाही तर. मग उज्ज्वलाताईंनी शहाणपणा केला. त्या म्हणाल्या, ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे त्यांनी हात वर करा.

गेणभाऊ, अख्खं मैदान वर झालं. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, देवळाचा गुरव. आताचे हेडमास्तर, तेही. सोमाजी नावाचा एक म्हातारा शाळेची पायरी चढलेला नव्हता, त्यानंही केक चुकेल म्हणून हात वर केला. दोनशे बारा हात. कुणीतरी मोजले. इंग्रिड बाई देवळाच्या पायरीवर मटकन बसली आणि छातीला हात लावून आमच्याकडं बघत राहिली. तिला बसलेला धक्का बघून आम्हांला धक्का बसला. आम्ही इतकी वर्षं एकमेकांच्या शेजारी राहिलो, कुणी कुणाला सांगितलं नाही, की बाबा, आपण सगळे एकाच दिवसाचे आहोत.

केक एक किलोचा. दोनशे बारा तुकडे. कांद्याचं साल जरा जाड असतं. वरची मेणबत्ती फुंकायला सांगितल्यावर बायकांनी नकार दिला, पेटलेला दिवा फुंकायचा नसतो म्हणून, आणि ती नेऊन मारुतीपुढं लावली. बाईनं तेही वहीत लिहून घेतलं.

मग तिनं वही मिटली आणि सांगितलं, शाळेचे दाखले आता बाजूला. आई किंवा बाप, ज्यांनी हे मूल जन्माला घातलं, त्यांनी समोर बसून सांगायचं. तेच धरलं जाईल.

इथं तुम्हांला एक जानकूचं सांगितलं पाहिजे, तो तेरावा अर्जदार. पश्चिमेकडच्या डोंगरातला, भात आणि नाचणी पिकवणारा. तो शाळेत गेलेलाच नव्हता, म्हणून त्याला एक जून मिळाली नाही. त्यानं फॉर्मात जन्मतारखेपुढं लिहिलं होतं, 'भाताच्या लावणीत. साल माहीत नाही.' लिहून घेणारा दुसरा कुणी असेल, शब्द त्याचेच. आदल्या दिवशी बाई त्याच्या वाडीवर जाऊन आली होती. त्याच्या बापानं बोटानं खाचर दाखवलं आणि म्हणाला, हितं झाला, पाऊस पडत व्हता. बाईनं अंदाजानं पस्तीस लिहिलं. तिथं त्यानं वाडीच्या घरांनी मिळून धान्य साठवायची कणगी सुरू केली होती, अडीनडीला ज्याला लागेल त्यानं न्यायचं. आणि चुकीच्या जागी काय लिहिलं होतं माहितेय? पहिल्या साली यादी करताना शेवटच्या घरातल्या म्हातारीचं नाव राहिलं. तिनं मागितलं नाही. तीन दिवसांनी कळलं.

आता ही काय चूक झाली? आमच्याकडं असल्या चुका कुणी वहीत पण घेत नाही. उज्ज्वलाताई मला हे सांगताना मधेच गप्प झाल्या, तेव्हा मला जरा कसंतरी झालं. पण ते जाऊ द्या.

मुद्दा असा, की माझ्याकडं फक्त आई. वडील कधीच गेलेले. आणि आई म्हणजे बयाबाई. तुम्हांला लोणीकरांना कल्पना नाही, पण आमच्याकडं अजून लोक सांगतात. माझ्याच सोसायटीत दूध घालताना ती सगळ्यांदेखत म्हणायची, "आज दोन तांबे पाणी पडलंय, धरून घे." ती बाई खोटं बोलणार? तीन दिवस मी तिला पढवत होतो. आई, जास्त काही नको, फक्त म्हणायचं, भिमा एक जून एकोणीसशे साठ. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, बघू.

"अन् कुशाबाई कुठं व्हती तवा?" गेणभाऊंनी मधेच विचारलं.

लंकाबाईंना आठवलं. "कुशा गेलीच व्हती की. भाऊ सोता येऊन घेऊन गेला व्हता. चार दिस."

अगदी बरोबर. आदल्या आठवड्यात मी स्वतः लोणीला येऊन अक्काला घेऊन गेलो होतो. घरात परदेशी पावणी येणार, सरूला चुलीपाशी हात नको? अक्का होती चुलीपाशी. सगळा दिवस.

कुशाक्का चहा ओतत होती. तिची किटली कपावर तशीच थांबली, मग परत वाकली. मी पुढं निघालो.

आई बसली माजघरात, आईचं ते हिरवं लुगडं, पदर नाकापर्यंत ओढलेला. माजघरात एकच खिडकी, तिच्यापुढं धान्याची पोती, म्हणजे उजेड बेताचाच. बाई समोर पाटावर, मधे उज्ज्वलाताई, आणि मी दाराच्या चौकटीला धरून. सबंध गाव ओसरीवर श्वास धरून उभं. बाईनं विचारलं, हा तुमचा मुलगा कधी झाला?

मी मनातल्या मनात म्हणत होतो, आई, एक जून साठ. एक जून साठ.

आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "भिमा झाला तवा गावात पयलं इंजिन आलं व्हतं. मळ्यातल्या हिरीवर बसवलं, त्याचा धूर निघाला, त्याच्या तिसऱ्या दिशी."

उज्ज्वलाताईंनी ते बाईला इंग्रजीत सांगितलं. मी म्हटलं, सुटलो. धुराला कुठं साल असतं? पण ती बाई कसली. तिनं विचारलं, ते इंजिन आहे का अजून? आणि आमच्या गावातलं कुणी 'नाही' म्हणेल तर शपथ. शंभर माणसांनी मळ्याकडं हात केले. निघाली वरात. पुढं बाई, मागं उज्ज्वलाताई, मागं गाव, सगळ्यांत मागं मी. विहिरीवर ते इंजिन गंजून पडलेलं, वेलीत गुरफटलेलं. बाईनं हातरुमालानं त्याचा पितळी पत्रा पुसला. पुसला की पुसला. आणि त्यावर स्पष्ट आकडे निघाले. एकोणीसशे छप्पन्न.

त्रेचाळीस.

तिथं विहिरीच्या काठावर माझी शिष्यवृत्ती बुडाली. बाळासाहेबानं फेटा काढून काखेत धरला, कुणी गेल्यावर धरतात तसा. बाईनं माझा हात हातात घेतला, काहीतरी बोलली, उज्ज्वलाताईंनी ते सांगितलं नाही. जीप गेली. जानकू गेला तिकडं, नऊ महिने राहिला, आला. परवा आळेफाट्यावर भेटला, एसटीची वाट बघत होता, मला चहा पाजला. त्यानं तिकडची थंडी सांगितली तर ती आमच्या दुधाच्या खोलीपेक्षा फार नव्हती.

आणि आईला? आईला मी एका शब्दानं बोललो नाही. घरी आलो, तिच्यापुढं बसलो. सबंध गाव म्हणत होतं, म्हातारीनं पोराचं नशीब मोडलं. मी म्हटलं, मोडलं तर मोडलं. आईच्या एका खऱ्या शब्दापुढं परदेश काय? तेव्हापासून मला कुणी विचारलं, की का हो गेला नाहीत, तर मी हेच सांगतो. माझं परदेश माझ्या आईच्या खरेपणात बुडालं.

लंकाबाईंनी पदरानं डोळे पुसले. कांद्यामुळंही असेल. गेणभाऊ काही बोलले नाहीत, आणि गेणभाऊ बोलले नाहीत म्हणजे मी जिंकलो होतो. मी कप उचलला.

"भिमा," कुशाक्का म्हणाली. तिनं किटली खाली ठेवली होती. "मडम आली, केक आला, एक जून बी खरं. तुझी टोप्यांची गंमत मी धा येळा ऐकली, कधी तोंड उघडलं न्हाई. पर ह्ये आईवर घालू नगंस. आई त्याच्या आदल्या दिवाळीला गेली."

लंकाबाईंच्या हातातला कांदा हातातच राहिला.

"माजघरात मी बसले व्हते," अक्का म्हणाली. "आईचं लुगडं मला नेसवून तूच बसवलंस, तोंड दिसू नये म्हणून पोती बी तूच लावलीस. इंजिनाचं मी कायबी बोलले न्हाई. तू पढवलंस त्येच बोलले, भिमा एक जून साठ. बाई खूस झाली. मंग उठता उठता तिनं माझीच जन्मतारीख इचारली. तुझी तेवढी पढवली व्हतीस, आईची न्हाई. मी आपली शाळंतली सांगितली. एक जून चौपन्न."

गेणभाऊंनी दोन्ही हात कांद्यातून बाहेर काढले आणि बोटं मोजायला घेतली. चौपन्नापासून निघाले, साठापर्यंत आले. पहिला हात संपला, दुसऱ्या हाताचा अंगठा धरला आणि माझ्याकडं बघायला लागले.

"सहा," कुशाक्का म्हणाली. "आई लेकापरीस सहा वर्सांनी थोरली. मडम बी अशीच बोटं धरून बसली व्हती."

तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला, कोपऱ्यातलं रिकामं घमेलं उचललं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"घे. त्या टोकापासून निवडत ये."